फाइलीतली ४२ प्रमाणपत्रं कुठे चालतात, कुठे नाहीत

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मुलगी यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम. गणित बरं आहे, जीवशास्त्र मनापासून आवडतं. सात वर्षं कथक शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा झाली. शाळेच्या निसर्ग मंडळाबरोबर दोन हिवाळे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला गेली. आठवीपर्यंत खो-खो खेळली. फाइलमध्ये ४२ प्रमाणपत्रं आहेत. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीला मामाकडे जाऊन क्रेटचा हिशेब लिहिते, पण त्यात काही सांगण्यासारखं नाही. तिच्या बाबांचं म्हणणं, अकरावीला इंटिग्रेटेड कॉलेज (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र) घ्यावं आणि कथक बंद करावं. मुंबईच्या एका सल्लागाराने सांगितलं की परदेशी कॉलेजांना ‘प्रोफाइल’ लागतं आणि साडेचार लाखांत शोधनिबंध, एक स्वयंसेवी संस्था आणि ऑनलाइन इंटर्नशिप असं सगळं ते करून देतील. या प्रमाणपत्रांचा खरंच उपयोग होतो का? कथक सोडावं का? पैसे भरावेत का? – एक आई

उत्तर :

ताई, आधी मुलीला कुठल्या दारातून आत जायचं आहे ते ठरवा. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. काही दारांवर फक्त परीक्षेतला क्रमांक बघतात, काही दारांवर अख्खा अर्ज वाचतात. तीच फाइल एका दारावर शून्य मोलाची असते आणि दुसऱ्या दारावर वजनदार ठरते. पालकांची बहुतेक ओढाताण ही दोन दारं एकच समजल्यामुळे होते.

पहिलं दार आधी बघू, कारण तिथलं उत्तर छोटं आहे. एमबीबीएसला नीटचे गुण लागतात, आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक. राज्यातल्या अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या प्रामुख्याने एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर चालतात. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थेसाठी आयएटी ही वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिच्यात जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न येतात, २४० गुण, तीन तास. या कुठल्याही यादीत नृत्य, खेळ किंवा समाजसेवेला एकही गुण नाही. मुलगी जीवशास्त्रात रमते म्हणता, तर आयसर तिच्यासाठी फार जवळचा पर्याय आहे, आणि त्यासाठी अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय ठेवावेत. एक सोडून बसलेली मुलं आयएटीत १५ प्रश्नांना मुकतात किंवा ते अंदाजाने सोडवतात.

या दारालाही दोन-तीन खिडक्या आहेत. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलींसाठी. त्याच्या पुढच्या वर्षी ललित कला आणि संस्कृतीसाठीही अशी सोय केली. पण दोन्हीकडे जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव लागतंच आणि कामगिरी राष्ट्रीय पातळीची लागते. ‘मध्यमा पूर्ण’ तिथवर पोचत नाही, त्या आशेवर काही बेतू नका. दिल्ली विद्यापीठात सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो, पण अवांतर उपक्रमांसाठी वेगळ्या जादा जागा असतात. तिथल्या गुणवत्ता यादीत सीयूईटीचं वजन २५ टक्के आणि चाचणी व प्रमाणपत्रं मिळून ७५ टक्के असतं. म्हणजे कथक तिथे खरंच तोलून बघतात, परीक्षकांसमोर नाचायला लावून. अडचण जागांची आहे. तिला हवा तो विषय आणि नृत्याची जागा एकाच कॉलेजात असेल तेव्हाच याचा उपयोग. बारावीच्या वर्षी निघणारी कॉलेजनिहाय यादी बघूनच ठरवा.

आणि एक फायदा अगदी दाराशी आहे, पण कार्यालयात चौकशी न केल्यामुळे तो हुकतो. राज्य मंडळ दहावीला कला आणि क्रीडेचे वाढीव गुण देतं. शासकीय रेखाकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिली असेल तर ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३ गुण. मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असतील तर त्याचेही वेगळे गुण मिळतात, आणि तुमच्या मुलीची गांधर्वची मालिका इथे कामी येऊ शकते. ५०० पैकी ७ गुण म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात एवढ्यावर कॉलेज बदलतं. मात्र हे गुण आपोआप मिळत नाहीत. शाळेने मंडळाच्या मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. मूळ प्रमाणपत्रावरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव यांत फरक असला की प्रस्ताव अडकतो. वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आत्ताच ताडून बघा. दिवाळीनंतर दुरुस्तीला वेळ पुरत नाही.

दुसऱ्या दाराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तुम्हाला साडेचार लाखांचा आकडा तिथलाच सांगितला गेलाय.

अमेरिकेतली निवडक कॉलेजं अख्खा अर्ज वाचतात. बहुतेक ठिकाणी ‘कॉमन ॲप’ हा एकच अर्ज चालतो आणि तो दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो. त्यात उपक्रमांसाठी जास्तीत जास्त दहा ओळी असतात. प्रत्येक ओळीत तुमच्या भूमिकेला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००, आणि काय केलं ते सांगायला १५०. ही मोजणी स्पेस धरून होते. शेजारी कुठल्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हे भरायचं. बक्षिसांसाठी वेगळ्या पाच ओळी. सगळं नववी ते बारावीचं. म्हणजे ४२ प्रमाणपत्रांतली आठवीपर्यंतची सगळी इथे बाद झाली, खो-खोसकट. वाईट वाटून घेऊ नका. राहिलेल्यांतलीही बहुतेक ‘सहभाग’ म्हणून मिळालेली असतील, आणि प्रमाणपत्र जोडायला अर्जात जागाच नसते. वाचणारा कागद बघत नाही, तास आणि वर्षं बघतो.

तो नेमकं काय तोलतो? हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात २०१८ साली त्यांची अंतर्गत पद्धत न्यायालयासमोर आली. प्रत्येक अर्जाला अभ्यास, अवांतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी वेगवेगळे अंक देतात, १ सर्वांत वर. उपक्रमांत १ म्हणजे राष्ट्रीय पातळीच्या जवळपासची कामगिरी, २ म्हणजे शाळेत किंवा आपल्या भागात ठळक दिसणारं काम, आणि ३ म्हणजे नियमित सहभाग पण विशेष काही नाही. चांगल्या गुणांची बहुसंख्य मुलं ३ वर असतात. दहा छंद लावून ३ चा २ होत नाही. एका कामात इतकं खोल जावं लागतं की आजूबाजूच्या माणसांना त्याचा फरक जाणवेल.

आधी अभ्यास, हेही विसरू नका. उपक्रम गुणांची कमतरता भरून काढत नाहीत. सगळ्यांचेच गुण उत्तम असतात तेव्हा कुणाला घ्यायचं, हे ठरवायला ते उपयोगी पडतात. कुठलं कॉलेज कशाला किती महत्त्व देतं हे बघायची सोपी जागा म्हणजे त्या कॉलेजने स्वतः प्रसिद्ध केलेला माहितीचा संच, ‘कॉमन डेटा सेट’. त्यातला सी-७ हा तक्ता उघडा. गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम, प्रत्येकापुढे अतिमहत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही अशी खूण असते. सल्लागाराला एक रुपया देण्याआधी मनातल्या सहा कॉलेजांचे तक्ते घरी बसून वाचा.

आता तुमच्या पत्रातली ओळ. मामाकडचा क्रेटचा हिशेब, ‘त्यात काही सांगण्यासारखं नाही.’ ताई, सांगण्यासारखं तेच आहे. कॉमन ॲपच्या यादीत घरची जबाबदारी आणि कमाईचं काम यांचे स्वतंत्र प्रकार दिले आहेत, म्हणजे कॉलेजांना ते वाचायचंच असतं. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात रोज किती क्रेट भरले, कुठल्या गाडीत गेले, व्यापाऱ्याकडून किती आले आणि किती बाकी, हे एखादी पंधरा वर्षांची मुलगी चोख लिहीत असेल तर लोक तिच्यावर विश्वास टाकतात, हे त्यातून दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांतली मुलं हे करतात, आणि अर्जात लिहीत मात्र नाहीत, कारण घरचं काम म्हणजे काम नव्हे असं आपणच त्यांना शिकवतो. समजा, आठवड्याला सहा तास, वर्षाला दहा आठवडे. ही ओळ यादीत वरच्या तिघांत असावी.

पक्षी हा दुसरा धागा, आणि जीवशास्त्राशी जुळणारा, म्हणून सर्वांत मोलाचा. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० साली महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं, आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. तिथे दोन हिवाळे जाणं हा सहभाग झाला, म्हणजे ३ अंक. तो वर न्यायचा तर सहली वाढवून उपयोग नाही, नोंदी वाढवायला हव्यात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या मोफत ऑनलाइन व्यवस्थेवर तिच्या नावाने खातं उघडा. एकाच जागी, चापडगावच्या बाजूला एखादा ठरलेला बांध घ्या. दर पंधरवड्याला एकाच वेळी जाऊन किमान १५ मिनिटं मोजणी करायची. तारीख, सुरुवातीची वेळ, कालावधी, चाललेलं अंतर, आणि दिसलेली प्रत्येक जात. ओळखता आली नाही ती ‘अनोळखी’ म्हणून लिहायची, अंदाजाने नाव ठोकायचं नाही. फक्त चक्रवाक आणि रोहित लिहून बाकीचे सोडले तर नोंद अपुरी ठरते आणि पुढे तुलनेला निरुपयोगी होते. नवशिक्यांची चूक इथेच होते. देखण्या पक्ष्याचा फोटो असतो, टिबुकलीची संख्या नसते.

दोन वर्षांत तिच्याकडे स्वतःची आकडेवारी जमेल. पाणी जास्त असताना थापट्या बदकं किती, पाणी उतरल्यावर किती, असा एखादा छोटा प्रश्न त्यातून स्वतःहून निघेल. मग जवळच्या गावातल्या शाळेसाठी वीस पक्ष्यांचं मराठी ओळखपत्रक करावं, दहा-बारा मुलांना नोंद करायला शिकवावं. आजूबाजूला जाणवणारा फरक म्हणतात तो हाच. खर्च दुर्बीण आणि एसटीच्या तिकिटांचा.

ओळ कशी लिहायची तेही बघा. ‘पक्षीनिरीक्षणाची आवड, निसर्गावर प्रेम’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. नमुन्यादाखल असं लिहिता येईल : ‘एकाच बांधावर ४ हिवाळे, ४१ मोजण्या, ६२ जाती. मराठी पत्रक केलं, गावातल्या १२ मुलांना नोंद शिकवली.’ आकडे अर्थातच तिच्या वहीतलेच हवेत. क्रियापद आधी सुचलं पाहिजे, विशेषण नंतर, आणि जमलं तर नकोच.

अभ्यासाच्या बाजूने याला जोड हवी असेल तर खरी ऑलिम्पियाड द्या. भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, म्हणजे आयएपीटी, नोव्हेंबरमध्ये पहिल्या टप्प्याची परीक्षा घेते आणि पुढचे टप्पे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची, अकरावी-बारावीसाठी जीवशास्त्राची. नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. जन्मतारखेची अट असते, ती आधी तपासा. शाळांत पैसे भरून सरसकट पदकं वाटणाऱ्या खासगी ‘ऑलिम्पियाड’ वेगळ्या आहेत. त्यांचं सुवर्णपदक फाइलीत छान दिसतं, निवड समितीला त्यातून काही कळत नाही.

कथक सोडावं का? सोडू नका. आठवड्यातून दोनदा दीड तास धरला तर दिवसाला सरासरी पंचवीस मिनिटं. एवढ्या वेळात जेईईचा क्रमांक बदलत नाही. सात वर्षांची साधना दहावीनंतर तुटली तर मात्र तो तुटलेला धागा अर्जात स्पष्ट दिसतो, आणि मुलीला जाणवतो तो वेगळाच. हात राखायचा तो परीक्षांवर. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि उन्हाळी सत्र प्रवेश परीक्षांच्या तोंडावर येतं. विशारद प्रथम अकरावीच्या हिवाळ्यात द्या किंवा सरळ बारावीनंतर. वर्ग चालू ठेवायचा, परीक्षेची घाई करायची नाही. अर्जात तीन तास गुणिले ४४ आठवडे, म्हणजे वर्षाचे १३२ तास, अशी ही ओळ चार वर्षं सलग दिसेल. नृत्याचा व्हिडिओ वेगळा पाठवायची सोय काही कॉलेजांत असते, पण ती खरोखर उच्च दर्जाच्या कलाकारांसाठी. मध्यम दर्जाचा व्हिडिओ पाठवण्यापेक्षा न पाठवणं बरं.

तासांबद्दल एक सावधगिरी. आठवड्यात १६८ तास असतात. शाळा, क्लास आणि झोप वजा केल्यावर उरतात ते पंधरा-वीस. दहा ओळींत प्रत्येकी दहा तास लिहिले की बेरीज शंभर होते आणि वाचणाऱ्याचा अख्ख्या अर्जावरचा विश्वास उडतो. सहा खऱ्या ओळी पुरतात. दहा भरल्याच पाहिजेत असा नियम नाही.

आता साडेचार लाख. भरू नका. पैसे वाचवायचे म्हणून सांगत नाही, यात नुकसान होतं म्हणून सांगतो. अर्जात उपक्रमांची यादी एकटी जात नाही. तिच्याबरोबर शिक्षकांची शिफारसपत्रं, ६५० शब्दांचा निबंध आणि शाळेचा अहवाल जातो, आणि वाचणारा ते एकमेकांशी ताडून बघतो. जनुकशास्त्रावर शोधनिबंध आहे, पण जीवशास्त्राच्या शिक्षकांच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. संस्थेची ‘संस्थापक’ आहे, पण निबंधात त्या संस्थेतल्या एका माणसाचंही नाव नाही. ही विसंगती लपत नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं कुठली, हे प्राध्यापक मंडळींना ठाऊक असतं. वर अर्जाच्या शेवटी माहिती खरी असल्याची सही मुलीची असते, सल्लागाराची नाही. खोटं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

इंटिग्रेटेड कॉलेजबद्दल बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण ती आपल्या महाराष्ट्रातच जास्त आडवी येते. आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते, आणि अमेरिकेला चारही वर्षांचे गुण लागतात. नववी-दहावी एका संस्थेची, अकरावी-बारावी दुसऱ्या. नववीच्या गुणपत्रिकेच्या सहीशिक्क्याच्या चार प्रती शाळा सोडण्याआधी घेऊन ठेवा, पाकिटात बंद करून. शिफारसपत्रं साधारण अकरावी-बारावीच्या शिक्षकांची लागतात. जिथे फक्त हजेरी लागते आणि शिकवणं सगळं क्लासमध्ये होतं, तिथे मुलीला ओळखणारा एकही शिक्षक नसतो. मग पत्र येतं ते ‘हुशार व शिस्तप्रिय विद्यार्थिनी’ एवढंच. परदेशाचा विचार असेल तर प्रयोगशाळा खरोखर चालणारं कनिष्ठ महाविद्यालय घ्या आणि क्लास वेगळा लावा. विचार फक्त जेईईचाच असेल तर बाबांचं बरोबर आहे. ते दार तसंच आहे.

खर्चाचंही आत्ताच बोलून घ्या. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचीही ऐपत न बघता निवड करतात आणि मग गरजेइतकी मदत देतात. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो.

इंग्लंडचं गणित निराळं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, आणि दोन्हींपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातलं वैयक्तिक निवेदन तीन प्रश्नांत विभागलं आहे, मिळून ४,००० अक्षरं. तिथे विषयाबाहेरच्या उपक्रमांना फारसं कुणी विचारत नाही, विषयाचं वाचन आणि विषयातलं काम बघतात. म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी चालतील, कथक एखाद्या वाक्यापुरतं. भारतात अशोका आणि अझीम प्रेमजी विद्यापीठात परीक्षेबरोबर मुलाखत होते. तिथे पाणथळाबद्दल मनापासून बोलणारी मुलगी ठसा उमटवते.

भोसला सैनिकी शाळेच्या बाजूच्या वाचकांचीही अशीच विचारणा असते म्हणून थोडक्यात : सैन्यदलांच्या एनडीएत लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या व मुलाखत, ९०० ची. एसएसबीच्या माहितीपत्रात खेळ, छंद आणि सांभाळलेल्या जबाबदाऱ्या लिहाव्या लागतात, आणि मुलाखतीत प्रश्न त्यावरूनच फिरतात. तिथे न खेळलेला खेळ लिहिणारा दुसऱ्या प्रश्नात सापडतो.

या आठवड्यात फाइल उघडून तीन गठ्ठे करा. दहावीच्या वाढीव गुणांना लागणारी प्रमाणपत्रं शाळेच्या कार्यालयात दाखवायची. नववीपासूनची, खरोखर काही केल्याची, वेगळी ठेवायची. उरलेली कपाटात, आठवण म्हणून. मग दोनशे पानी वही घ्या आणि तिलाच लिहू द्या : तारीख, काय केलं, किती वेळ, बरोबर कोण होतं, काय चुकलं. शेवटचा रकाना रिकामा सोडू देऊ नका. बारावीच्या ऑगस्टमध्ये निबंध लिहायला बसेल तेव्हा तिला सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडेल. पहिलं पान मामाकडच्या गेल्या हंगामाचं असू दे, आठवतंय तोवर.